ऑक्टोबरची नदी : बार्बेल, ग्रेलिंग आणि मासा परत सोडण्याचं काम

सेव्हर्नकाठ | १९ ऑक्टोबर

मंडळी, इंग्लंडमध्ये वूस्टरला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं ऑक्टोबर लागला की माझे शनिवार-रविवार नदीचे असतात. लहानपण वारणेकाठी गेलं, त्यामुळे गळ हातात होताच. बांबूची काठी, गांडूळ, आणि दोरीला ज्वारीच्या ताटाचं पेर. ते पेर बुडालं की ओढायचं, एवढंच शास्त्र आम्हाला ठाऊक होतं. इथे आल्यावर कळलं की मला मासा ओढता येत होता, पण नदी वाचता येत नव्हती.

इथे गावाला सेव्हर्न लागून आहे. खाली पॉविकजवळ तिला टीम नावाची उपनदी मिळते. टीम वेल्सच्या डोंगरातून येते, लडलोवरून, टेनबरीवरून, लाल मातीतून. जरा जोराचा पाऊस झाला की विटेच्या रंगाची होते. या एकाच नदीत दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे मासे आहेत आणि शरदात दोन्ही भेटतात, म्हणून हा धागा.

पहिला बार्बेल. लांबट, सोनेरी-तपकिरी, पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाशी चार मिशा. नावच लॅटिनमधल्या दाढीवरून आलंय. तळाशी गोट्यांत नाक खुपसून खातो. आपल्या खडशीचा, म्हणजे महसीरचा, कुळातला भाऊ. एकदा गळाला लागला की वर येतच नाही, तळ धरून धारेच्या दिशेने ओढत राहतो. हातातली काठी कोपरापर्यंत थरथरते.

दुसरा ग्रेलिंग. सामन-ट्राउटच्या घराण्यातला, पण वसंतात अंडी घालणारा. अंग चंदेरी, खवले ओळीने बसवल्यासारखे, खांद्याजवळ चार-सहा काळे ठिपके, आणि पाठीवरचा पर एवढा मोठा की उघडला की शिडासारखा दिसतो. त्यावर तांबूस-जांभळे पट्टे. डोळ्याची बाहुली गोल नसते, पुढच्या बाजूला निमुळती असते. त्याचं शास्त्रीय नाव थायमॅलस, थाइम वनस्पतीच्या वासावरून. कुणी म्हणतं काकडीचा वास येतो. मी पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला आईचा ओव्याचा डबा आठवला. नंतर वाचलं की थाइममध्ये आणि ओव्यात वासाचं द्रव्य एकच आहे, थायमॉल. त्या दिवशी थंडीत उभं राहून मी तो हात दोन-तीनदा हुंगला.

आता ऑक्टोबरच का? माझा सगळा हिशेब पाण्याच्या तापमानावर चालतो. खिशात दोरी बांधलेला थर्मामीटर असतो. गेल्या सोमवारी पाणी ९ अंशांवर होतं. मग दोन दिवस नैर्ऋत्येचा उबदार पाऊस झाला, बुधवारी १२ झालं आणि नदी लाल होऊन दोन फूट चढली. हीच बार्बेलची वेळ. गढूळ, जरा ऊबदार, चढून आता ओसरू लागलेलं पाणी. पाणी ६-७ अंशांखाली गेलं की बार्बेल जवळजवळ तोंड मिटून बसतो. ग्रेलिंगचं उलटं. गवतावर दहिवर गोठलंय, पाणी निवळलंय, बोटं बधिर झालीत, अशा सकाळी तो हमखास खातो. म्हणून मी घरून निघताना मासा ठरवत नाही. नदीवर जाऊन पाणी बघतो आणि मग ठरवतो.

ग्रेलिंगसाठी मी फ्लोट, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पेरासारखी तरंगणारी खूण, वाहता सोडतो. छातीपर्यंतची रबरी विजार घालून खळाळाच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, गळावर दोन अळ्या, आणि फ्लोट धारेबरोबर खाली जाऊ द्यायचा. इथे माझी दोन वर्षं वाया गेली. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं. फ्लोट मोकळा सोडला की तो पुढे पळतो आणि आमिष मागून फरफटत येतं. ग्रेलिंग अशा आमिषाकडे बघतही नाही. बोटाने रिळाला किंचित अडवत फ्लोट जरा रोखून धरायचा, म्हणजे आमिष पुढे आणि तळालगत चालतं, नदीतून सुटलेल्या अळीसारखं. फ्लोट मोरपिसाच्या देठाचाही चालतो. आपल्याकडे पोरं मोरपीस बांधतात ते काही उगाच नाही.

बार्बेलसाठी जड सामान लागतं. १० पौंडांचा ताण सोसणारी दोरी आणि फीडर, म्हणजे भोकं असलेली प्लास्टिकची नळी, तिच्यात उकडलेलं भांगेचं बी आणि पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या. गळावर डब्यातल्या लंचन मीटचा चौकोनी तुकडा. गोट्यांच्या पट्ट्याच्या शेवटी, जिथे पाणी खोल व्हायला लागतं तिथे टाकायचं आणि वाट बघायची.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझा पहिला बार्बेल साधारण सात पौंडांचा होता. वीस मिनिटं लढला. मी त्याला जाळीतून थेट गवतावर घेतला. पाठीच्या पराच्या पहिल्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, ते जाळीत अडकले. ते सोडवण्यात वेळ गेला. मग फोन शोधला, फोटो काढले, पुन्हा काढले कारण पहिले हलले होते. मग मासा पाण्यात सोडला. तो दोन हात गेला, कलंडला, पोट वर करून धारेला लागला.

खालच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी काही न बोलता काठी बाजूला ठेवली, गुडघाभर पाण्यात उतरले आणि मासा धरला. मला म्हणाले, ये इकडे, धर. तोंड वरच्या धारेकडे, एक हात छातीखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, पण आवळायचं नाही. मागेपुढे हलवायचंही नाही, नदी त्याच्या कल्ल्यांतून आपलं आपण पाणी घालते. आम्ही तसे वीस-पंचवीस मिनिटं उभे होतो. आधी कल्ले धापा टाकल्यासारखे, मग सावकाश, मग एका लयीत. शेवटी शेपटीने माझ्या मनगटावर थाड्कन फटका मारला आणि गेला. ते गृहस्थ म्हणाले, तो सांगतो कधी सोडायचं ते.

तेव्हापासून मी मासा पकडणं अर्धं काम समजतो. उरलेलं अर्धं तिथून पुढे सुरू होतं. इथे कोण कोण नदीवर जातं? तुमच्याकडची पद्धत काय?

---

वाशिष्ठीकाठ | १९ ऑक्टोबर

सुंदर लिहिलंय. पण मला एक सरळ विचारायचं आहे, राग मानू नका. आम्ही चिपळूणचे. मासा पकडायचा तो खायला. मृगाचा पाऊस लागला की वलगणीचे मासे ओढ्याने, पऱ्याने शेतात चढतात, अख्खी वाडी बॅटऱ्या घेऊन बाहेर पडते. त्यात पोटासाठी, चवीसाठी मारतो हे स्पष्ट असतं. तुम्ही त्याला गळ लावता, वीस मिनिटं दमवता, फोटो काढता आणि सोडता. मग त्याला त्रास कशाला दिला? खाल्ला असतात तर निदान कारण तरी होतं.

---

सेव्हर्नकाठ | १९ ऑक्टोबर

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. माशाला त्रास होतो हे मी नाकारत नाही.

आधी नियम सांगतो. इंग्लंडच्या नद्यांत दिवसाला दोन ग्रेलिंग नेता येतात, तेही ३० ते ३८ सेंटिमीटरमधलेच. त्याहून मोठा सोडायचा, कारण तो पुढच्या वर्षी अंडी घालणार. बार्बेल २० सेंटिमीटरपर्यंतचाच नेता येतो, म्हणजे वीतभर पिल्लू. कोण नेणार? शिवाय बार्बेलची गाभोळी विषारी असते, उलट्या-जुलाब होतात. ग्रेलिंग मी वर्षातून एखादा घरी आणतो. हळद, मीठ, तिखट, रवा लावून तव्यावर. मांस पांढरं, घट्ट, चवीला छान.

आता तुमचा मुद्दा. मी मासे पकडणं सोडलं नाही, पण कधी पकडायचं ते बदललं. बार्बेल १६ जूनपासून पकडता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमलेला बार्बेल सावरत नाही. वरून पोहून गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. त्या दोन महिन्यांत मी त्याच्या वाटेला जात नाही, नियमाने परवानगी असली तरी. ऑक्टोबरच्या गार पाण्यात तो लवकर सावरतो. म्हणून शरद. आणि उलट्या काट्याशिवायचा गळ वापरतो, तो नुसत्या बोटाने सुटतो.

वलगणीबद्दल मात्र मला बोलायचं आहे. ते मासे अंडी घालायलाच चढतात ना?

---

वाशिष्ठीकाठ | २० ऑक्टोबर

हो, अंडी घालायलाच. पूर्वी थोडे पकडायचे आणि बाकीचे चढायचे. आता एकाच पऱ्यावर चार ठिकाणी जाळी लावतात, वरपर्यंत काही पोचत नाही. माझे आजोबा पोट फुगलेली मादी दिसली की वर सोडायचे, हे आत्ता तुमच्यामुळे आठवलं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, नारळी पौर्णिमेचा नारळही पाळतो आपण. ओढ्याला तसं कुणी विचारत नाही.

---

सेव्हर्नकाठ | २० ऑक्टोबर

इथे नदीत १५ मार्च ते १५ जून या माशांसाठी गळ टाकायचाच नाही. बार्बेल मे-जूनमध्ये गोट्यांवर अंडी घालतो, तो काळ त्यात येतो. त्या तीन महिन्यांत मी काठाने नुसता चालतो. मे अखेरीला उथळ खळाळात बार्बेलांच्या पाठी पाण्याबाहेर दिसतात, एका मादीमागे चार-पाच नर. तुमच्या आजोबांनी जे केलं तेच हे, फक्त कायद्यात लिहिलेलं.

---

इसारकर | २० ऑक्टोबर

म्युनिकहून लिहितोय. आमच्याकडे वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न कायद्यानेच विचारलेला आहे. जर्मनीत प्राणीसंरक्षण कायद्याप्रमाणे सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही, आणि मजेसाठी पकडून सोडणं हे सबळ कारण धरत नाहीत. मासा खायचा असेल तरच गळ टाका. आमच्या बव्हेरियात परवान्यासाठी आधी ३० तासांचा वर्ग आणि मग ६० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. मासा कसा मारायचा हेही शिकवतात. डोक्यावर एक नेमका फटका, मग लगेच काळजाशी सुरी. पहिल्यांदा माझे हात कापले. पण आता मला ते प्रामाणिक वाटतं.

म्हणजे सेव्हर्नकाठ यांनी जे काम म्हणून सांगितलं ते इथे जवळपास गुन्ह्यात जाईल. दोन्ही देशांतल्या लोकांना मासा प्यारा आहे आणि दोघांचे नियम एकमेकांविरुद्ध आहेत. अंडी घालण्याचा काळ आणि लहान मासा मात्र दोन्हीकडे सुटतो.

अजून एक. युरोपात नदीचे पट्टे माशांच्या नावाने ओळखतात. उगमाकडे ट्राउटचा, मग ग्रेलिंगचा, मग बार्बेलचा, आणि शेवटी संथ पाण्यात ब्रीमचा. नकाशावर जीवशास्त्रज्ञ तसंच लिहितात, इथपर्यंत ग्रेलिंग पट्टा, इथून बार्बेल पट्टा. उतार, गोट्यांचा आकार, तापमान, प्राणवायू हे सगळं त्या एका नावात येतं. तुमच्या टीमवर लडलोच्या बाजूला ग्रेलिंग आणि खाली पॉविककडे बार्बेल, हे अगदी त्याच क्रमाने आहे बघा.

इसारमध्ये ग्रेलिंग फार कमी राहिलाय. हिवाळ्यात पाणकावळ्यांचे थवे उतरतात, वरती बांधांनी गोटे अडवलेत, उन्हाळे तापलेत. २०११ साली जर्मनीत ग्रेलिंगला वर्षाचा मासा म्हणून निवडलं होतं. माझ्या क्लबात गेली काही वर्षं त्याला हात लावायचा नाही असं सभासदांनीच ठरवलंय.

---

सेव्हर्नकाठ | २० ऑक्टोबर

इसारकर, पट्ट्यांचं हे मला माहीत नव्हतं आणि वाचून अंगावर काटा आला. नऊ वर्षं मी त्याच क्रमाने चालतोय. टेनबरीच्या आसपास दोन्ही मासे एकाच वळणावर मिळतात. ग्रेलिंग वरच्या खळाळात, बार्बेल खालच्या डोहाच्या तोंडाशी, मध्ये तीस पावलं.

---

मिरजवाला | २१ ऑक्टोबर

वारणेकाठचे म्हणताय, म्हणजे आमच्या शेजारचेच. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथे माझं बालपण गेलं. नवरात्र संपताना पाणी निवळायचं आणि वडील गळ काढायचे. मरळ, वाम, शिंगटा. कणकेत हळद मळून गोळ्या करायचे. आता उन्हाळ्यात त्याच घाटावर मेलेले मासे थराने आलेले पाहिलेत. सांडपाणी येतं, प्राणवायू संपतो. तुम्ही २० अंशांच्या पाण्याचा विचार करता हे वाचून मला वाईट वाटलं, आपल्या नदीचा विचार आला म्हणून.

खडशीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करायला नेमला होता. त्याने १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या माशाचं वर्णन केलं आणि नाव दिलं बार्बस खुद्री. खुद्री हा कोळ्यांच्या तोंडचा शब्द, आणि बार्बस म्हणजे तुमचा बार्बेल. तेव्हा दोघांना एकाच वंशात घातलं होतं. आता खडशीचा वंश टॉर म्हणून वेगळा केलाय, पण खुद्री तसंच राहिलं. देहूच्या इंद्रायणीच्या डोहात ते देवाचे मासे म्हणून राखले गेले. महाडकडे वाळण कोंडीतही तसेच. गळ नाही, जाळं नाही, लोक चुरमुरे टाकतात.

आणि लोणावळ्याला वळवणच्या धरणावर १९७०च्या दशकापासून या माशाची पैदास होते. तिथली पिल्लं देशभर गेली. कावेरीतही सोडली. चांगल्याच हेतूने. पण कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि त्याच्या पाण्यात आपली खडशी भरलीय. मासा वाचवतानाही कुठला मासा कुठल्या नदीत, हे बघावं लागतं.

---

सेव्हर्नकाठ | २१ ऑक्टोबर

मिरजवाला, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. हरिपूरचा संगम डोळ्यांसमोर आला, ती चिंचेची झाडं.

जे तुम्ही लिहिलंत तेच माझ्या दारात आहे. सेव्हर्नमध्ये मुळात बार्बेल नव्हताच. इंग्लंड पूर्वी युरोपच्या जमिनीला जोडलेलं होतं, तेव्हा तो पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांत आला, टेम्समध्ये, ट्रेंटमध्ये. सेव्हर्न पश्चिमेला जाते. १९५६ साली केनेट नदीतून पाचशेच्या आसपास बार्बेल आणून इथे सोडले, आणि तिथून टीममध्येही पसरले. मी ज्याला वीस मिनिटं धरून उभा राहिलो तो त्यांचाच वंशज. लोक त्याला इथलाच समजतात. मीही समजत होतो. कावेरीसारखं इथे कुणा खास माशाचं घर गेलं असं मी ऐकलेलं नाही, पण तुमच्या पोस्टनंतर आता मी ते इतकं सहज बोलणार नाही.

---

ओवी_बर्मिंगहॅम | २२ ऑक्टोबर

मला मासेमारीतलं काही कळत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, हा धागा त्याला वाचून दाखवला. (मराठी वाचता येत नाही, ऐकून समजतं.) तो मागेच लागलाय. लायसन्स लागतं का? धोका किती? आणि अळ्या खरंच फ्रिजमध्ये ठेवायच्या का, असं त्याने विचारायला सांगितलंय.

---

सेव्हर्नकाठ | २२ ऑक्टोबर

ताई, १३ वर्षांखाली लायसन्स लागत नाही. १३ ते १६ फुकट मिळतं, पण काढावं लागतं. मोठ्यांना विकत, ऑनलाइन. तुम्ही नुसत्या शेजारी बसलात तर तुम्हाला नको, पण काठी हातात घेतलीत तर हवं. लायसन्सशिवाय त्या काठाच्या मालकाची किंवा क्लबाची परवानगी वेगळी, तिला दिवसाचं तिकीट म्हणतात.

धोका आहे, लपवत नाही. सेव्हर्न पावसानंतर फार लवकर चढते आणि तिचे काठ चिकणमातीचे, उभे. तिथे मुलाला नेऊ नका. पाण्यात उतरवू तर मुळीच नका. टीमला टेनबरीच्या बाजूला गोट्यांचा उथळ काठ आहे, पाणी उतरलेलं असेल तेव्हा तो बरा. लाइफजॅकेट घाला, तो नको म्हणाला तरी.

अळ्या फ्रिजमध्ये ठेवतात, थंडीत त्या झोपून राहतात, नाहीतर आठवड्यात कोष होतात. झाकण घट्ट आणि डबा वेगळा. नको वाटलं तर बागेतली तांबडी गांडुळं घ्या. ग्रेलिंग ती आनंदाने खातो.

---

क्लाइडसाइड | २२ ऑक्टोबर

ग्लासगोहून. स्कॉटलंडमध्ये रॉड लायसन्स नसतंच, फक्त त्या पाण्याचं परमिट. क्लाइडमध्ये ग्रेलिंग भरपूर, तोही एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेला! काल पाणी ५ अंश, तरी अकरा मिळाले. आता थर्मामीटर मीही घेतलाय.

---

सेव्हर्नकाठ | २६ ऑक्टोबर

कालचा वृत्तांत. शुक्रवारी रात्री दहिवर गोठलं. शनिवारी सकाळी टीम निवळली होती, पाणी ७ अंश, तळातले गोटे दिसत होते. बार्बेलचा विचार सोडला. लालसर शेपटाची गांडुळं, छोटा फ्लोट, खळाळाच्या वर. काठावरच्या अल्डरची पानं इतकी पडत होती की दर तिसऱ्या वेळी गळावर पान यायचं.

साडेदहाला फ्लोट एकदम बाजूला सरकला. ग्रेलिंग, ३६ सेंटिमीटर. नेता आला असता. हातात धरला तेव्हा त्याने पाठीचा पर पूर्ण उघडला आणि उन्हात त्यावरचे पट्टे जांभळे झाले. धारेकडे तोंड करून धरला, मनात आकडे मोजत होतो, चाळीसपर्यंत आलो आणि तो गेला.

ओवीताई, पुढच्या शनिवारी पाणी असंच राहिलं तर मी सकाळी नऊला टेनबरीच्या पुलाखालच्या बाजूला असेन. मुलाला गरम मोजे दोन जोड घाला. काठी माझ्याकडे जास्तीची आहे. ज्वारीचं ताट इथे मिळत नाही, त्याच्यासाठी मोरपिसाचा फ्लोट करून ठेवलाय.